दवाखान्यात आपला हक्क काय? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

कोकणात रुग्णाचा हक्क बहुतेक वेळा दोनच ठिकाणी बुडतो: एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवताना, आणि बिलाच्या खिडकीशी. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिले आहे. बाकीचे थोडक्यात.

रुग्णांचे हक्क नेमके कुठे लिहून ठेवले आहेत?

एकाच कायद्यात नाहीत. खासगी रुग्णालयांसाठी आपल्याकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या नियमांत १४ जानेवारी २०२१ ला मोठी दुरुस्ती झाली आणि त्यात रुग्ण हक्कांची सनद, दरपत्रक लावण्याची सक्ती आणि तक्रार कक्ष आले. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे अर्जात त्याचा हवाला देऊ नका. डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारसंहिता नियम बंधनकारक आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद तयार केली. ती स्वतः कायदा नाही, पण तिच्यातले बरेचसे हक्क न्यायालयांच्या निकालांतून आणि वरच्या नियमांतून आलेले आहेत.

रात्री हायवेवर अपघात झाला. जवळच्या खासगी दवाखान्यात नेले तर म्हणतात, आधी डिपॉझिट भरा. चालते का?

चालत नाही. जीव धोक्यात असेल तर प्राथमिक उपचार करून रुग्ण स्थिर करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, सरकारी असो वा खासगी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले. 'पोलीस केस आहे, आधी पोलिसांना येऊ द्या' हेही कारण होत नाही. उपचार आधी, पंचनामा नंतर.

जखमीला उचलून आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही, आणि बिल त्याच्या गळ्यात मारता येत नाही. गावातली पोरे या भीतीने गाडी थांबवत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद लागते, म्हणून ११२ ला फोन लगेच करा.

'आमच्याकडे सोय नाही, पुढे घेऊन जा' असे सांगितले तर आपण काय मागायचे?

तोंडी 'पुढे न्या' यावर रुग्ण हलवू नका. तीन गोष्टी मागा: इथे शक्य तेवढा उपचार, सही-शिक्क्याची रेफरची चिठ्ठी, आणि पुढच्या रुग्णालयाला आपल्यासमोर एक फोन. चौथी गोष्ट सोबत नर्स किंवा डॉक्टर असलेली गाडी. अशी सोय १०८ च्या गाडीत असते.

चिठ्ठीवर काय हवे ते सर्पदंशावरून सांगतो, कारण पावसाळ्यात भातलावणीपासून कापणीपर्यंत हाच प्रसंग सर्वांत जास्त येतो. फुरसे चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर साधारण असे व्हायला हवे. २ मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर विष भिनले आहे. मग प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण मात्रा सापाच्या विषाप्रमाणे ठरते, माणसाच्या वजनाप्रमाणे नाही. साप ओळखता आला नाही म्हणून प्रतिविष थांबवायचे नसते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते.

आता चिठ्ठी. तीत दंश किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता आला, नळीतल्या रक्ताचे काय झाले, किती कुप्या कधी दिल्या, ॲड्रेनलिन (प्रतिविषाची रिॲक्शन आल्यास द्यायचे इंजेक्शन) द्यावे लागले का, रक्तदाब व नाडी किती, लघवी झाली का आणि कशासाठी पुढे पाठवत आहोत, एवढे लिहिलेले असावे. 'रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट' एवढी एकच ओळ असेल तर पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो आणि कुप्यांचा हिशेब चुकतो. पहिली मात्रा न देताच कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा किंवा करूळ घाट चढायला लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या दोन-तीन तासांत रक्तस्राव सुरू होतो. विष भिनल्याची चिन्हे असूनही कुप्या शिल्लक नाहीत असे सांगितले, तर 'प्रतिविष उपलब्ध नाही' हे चिठ्ठीवर लिहून मागा. अनेकदा तेवढ्यावर कपाट उघडते, आणि खरेच साठा नसेल तर तक्रारीला आधार होतो.

विंचूदंश, हृदयविकार, बाळंतपणातला रक्तस्राव, सगळीकडे हीच पद्धत लावा. आणि चिठ्ठी हातात पडली की आधी तिचा मोबाइलवर फोटो काढा. मूळ कागद पुढच्या कॅज्युअल्टीत फाइलला लागतो आणि परत मिळत नाही.

१०८ येईपर्यंत फार वेळ लागणार असेल तर खासगी ॲम्ब्युलन्सचा दर कोण ठरवतो?

जिल्ह्याचे परिवहन प्राधिकरण. गाडीच्या प्रकाराप्रमाणे पहिल्या टप्प्याचा दर आणि पुढे किलोमीटरचा दर ठरलेला असतो. आरटीओ कार्यालयाकडून तो तक्ता आधीच घेऊन ग्रामपंचायतीत लावून ठेवावा. रात्री दोन वाजता घासाघीस होत नाही. पावती घ्या, तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि किलोमीटर असू द्या. जादा पैसे घेतल्याची तक्रार आरटीओकडे.

सावंतवाडी, दोडामार्गचे रुग्ण गोव्यात बांबोळीला नेतात. तिथे आपले नियम चालतात का?

आणीबाणीतल्या उपचारांचा हक्क देशभर सारखाच आहे. मात्र महाराष्ट्राचे शुश्रूषागृह नियम आणि मोफत उपचारांचा निर्णय गोव्यात लागू नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क आकारले जाते. निघण्यापूर्वी १५५३८८ वर फोन करून आपल्या आजाराला तिथे महात्मा फुले योजना (राज्याची मोफत उपचारांची योजना, पुढे पाहा) चालते का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार गाडीतच ठेवा. ते आणायला कुणाला तरी परत गावाला पाठवावे लागते तेव्हा अख्खा दिवस जातो.

सरकारी दवाखान्यात केसपेपरचे, तपासणीचे पैसे लागतात का?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री व जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात आणि त्यांचे दर वेगळे असू शकतात. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथे आता शासकीय महाविद्यालये आहेत, तेव्हा तिथे खिडकीवरचा फलक वाचा. पैसे घेतले तर छापील पावती मागा. पावती नसलेला पैसा कुठल्याच नियमात बसत नाही.

'औषध बाहेरून आणा' अशी साध्या चिठोऱ्यावर लिहिलेली मागणी आली तर औषध साठ्यात नसल्याची नोंद केसपेपरवर करून घ्या आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी होऊ शकते.

बाळंतपणाला काय काय मोफत?

सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, आणि जेवण: साध्या प्रसूतीला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. घरून दवाखाना, तिथून गरज पडल्यास वरचा दवाखाना आणि परत घर, असा प्रवासही मोफत. त्यासाठी १०२. आजारी बाळाला वर्षाचे होईपर्यंत हेच लागू. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे आहे. परतीची गाडी मात्र मागितल्याशिवाय क्वचितच मिळते. सुटीच्या (डिस्चार्जच्या) आदल्या दिवशी सिस्टरकडे नाव द्या आणि आशाताईंना कळवा.

फुले योजनेत पांढरे रेशनकार्ड चालते का? मुंबईचे कार्ड गावाकडे चालते का?

दोन्ही चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुठल्याही रंगाच्या शिधापत्रिकेवर मिळते आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला गावी झटका आला तर त्याचे मुंबईचे कार्ड इथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालते, आणि गावचे कार्ड मुंबईत.

अडते ते इथे. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात फरक असतो: एकीकडे 'सुलोचना', दुसरीकडे 'सुलोचनाबाई', किंवा लग्नानंतर सुनेचे नाव चढवलेलेच नसते. पुरवठा शाखेत ही दुरुस्ती घरात कुणी आजारी नसतानाच करून घ्या. दुसरे, योजना ठरावीक उपचारांसाठी आहे आणि दाखल झाल्यावरच लागू होते. बाह्यरुग्ण तपासणी किंवा साधा ताप त्यात बसत नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तिसरे, आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) न भेटता आधी रोखीने दाखल झालात तर नंतर योजनेत घेणे अवघड जाते. आल्याआल्या आरोग्यमित्राचे टेबल विचारा. रात्री ते बंद असेल तर आणीबाणीत फोनवरून नोंद करून दाखल करून घेण्याची सोय आहे.

योजनेतल्या रुग्णाकडून औषध, तपासणी, इम्प्लांट कशाचेही वेगळे पैसे घेता येत नाहीत. जेवण पॅकेजमध्ये आहे, सुटीनंतर १० दिवसांपर्यंतचा सल्ला आहे, आणि घरी जायला एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे एकदाचे भाडेही आहे. हे भाडे मागणारे फार थोडे असतात. देवरुखच्या पुढच्या वाडीवर परतणाऱ्या माणसाला ती रक्कम लहान नसते, जरूर मागा. पैसे मागितले तर आरोग्यमित्राकडे लेखी द्या आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

मुंबईच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत सवलत कुणाला?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा, बिलिंगला नव्हे. 'खाटा भरल्या आहेत' म्हणाले तर आज किती खाटा शिल्लक आहेत ते विचारा. ती माहिती त्यांनी लोकांना दिसेल अशी ठेवायची असते. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे. दाखला मुंबईला गेल्यावर गावाकडून मागवण्यापेक्षा शस्त्रक्रिया ठरली त्याच दिवशी तहसीलमध्ये अर्ज करा.

खासगी रुग्णालयाचे बिल फुगवलेले वाटते. काय तपासायचे?

दर्शनी भागात दरपत्रक हवेच. खाट, आयसीयू, डॉक्टरची भेट, नर्सिंग असे दर त्यात असतात. तपशीलवार बिल मागा. एकरकमी 'औषधे व साहित्य' ही ओळ मान्य करू नका. बिल आणि औषधतक्ता शेजारी ठेवून जुळवा: तक्त्यावर दिवसाला दोन इंजेक्शने आणि बिलात चार असतील तर ते तिथेच दिसते. हातमोजे, सिरिंज, कॅन्युला यांचे आकडे पाहा. न वापरलेली औषधे परत देऊन पैसे वजा करून घ्या.

औषधे त्याच इमारतीतल्या मेडिकलमधून घेण्याची सक्ती नाही, आणि छापील किमतीपेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही. हृदयातला स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या कमाल किमती केंद्राने ठरवल्या आहेत. बिलात कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक हवा, आणि पाकिटावरचे स्टिकर फाइलला लावलेले हवे.

बिल पूर्ण भरता येत नाही म्हणून रुग्णाला सोडत नाहीत. मृतदेह देत नाहीत.

दोन्ही बेकायदा. थकबाकी वसूल करायला रुग्णालयाला दिवाणी मार्ग आहे. माणूस अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. मृतदेह पैशासाठी अडवू नये असे २०२१ च्या नियमांतही आहे. भांडणापेक्षा हे करा: उरलेली रक्कम आणि ती कधी देणार हे लिहून व्यवस्थापनाला द्या, पोच घ्या, आणि तरी अडवले तर ११२. पोलिसांना 'बिलाचा वाद आहे' असे सांगू नका, 'माणूस डांबून ठेवला आहे' असे सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तो गुन्हा आहे.

केसपेपरच्या प्रती मिळतात का? किती दिवसांत?

मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. डॉक्टरने नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात, म्हणून उशीर करू नका. झेरॉक्सचा वाजवी खर्च आपण द्यायचा. बिल बाकी आहे हे कारण चालत नाही.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण फाइल नव्हे. अर्ज असा लिहा:

'माझी आई दि. … ते दि. … आपल्या रुग्णालयात दाखल होती, आंतररुग्ण (आयपीडी) क्रमांक … . तिच्या पुढील नोंदींच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत मिळाव्यात: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधतक्ता, संमतीपत्रे, भूल व शस्त्रक्रियेच्या नोंदी, सर्व तपासणी अहवाल, एक्स-रे व स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, तपशीलवार बिल.'

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि शिक्का घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. ७२ तास मोजायला सुरुवात त्या शिक्क्यापासून होते, तोंडी मागणीपासून नाही. सरकारी रुग्णालय असेल तर शिवाय माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करता येतो. एरवी ३० दिवस, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते.

ऑपरेशनला सही कुणाची? नवऱ्याची हवीच का?

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची. बायकोच्या ऑपरेशनला नवऱ्याच्या सहीची कायदेशीर गरज नाही. गर्भपातालाही १८ वर्षांवरील स्त्रीची एकटीची संमती पुरते. सही करण्यापूर्वी चार गोष्टी मराठीत समजावून घ्या: काय करणार, धोका कोणता, दुसरा पर्याय काय, आणि केलेच नाही तर काय होईल. कोऱ्या छापील फॉर्मवर सही नको. एका ऑपरेशनच्या संमतीवर दुसरे करता येत नाही, जीव वाचवायचा असेल तेवढाच अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली निकालात हे सांगितले आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो म्हणाल्याने उपचार थांबवता येत नाहीत.

तपासणीच्या वेळी बाईमाणूस सोबत असू शकते का? गावात बातमी पसरण्याची भीती वाटते.

पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करत असेल तर स्त्री कर्मचारी किंवा नातेवाईक हजर असावी, मागा. गुप्ततेबाबत एचआयव्हीचा कायदा (२०१७) विशेष कडक आहे: संमतीशिवाय चाचणी नाही, निकाल इतरांना सांगायचा नाही, उपचार नाकारायचे नाहीत. फाइलवर किंवा खाटेवर तशी खूण करणेही चुकीचे. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव उघड करणे गुन्हा आहे.

लैंगिक अत्याचाराची पीडित मुलगी आणली तर आधी पोलीस ठाणे की दवाखाना?

दवाखाना. खासगीतही उपचार ताबडतोब आणि मोफत द्यावे लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). पोलिसांना कळवणे रुग्णालयाचे काम. ॲसिड हल्ल्यालाही हेच. शक्यतो कपडे बदलू किंवा धुऊ नका.

रक्तासाठी 'बदली रक्तदाता आणा' म्हणतात.

सक्ती करता येत नाही. रक्त विकले जात नाही, प्रक्रिया शुल्क असते. लाल पेशींच्या पिशवीला खासगी रक्तपेढीत १,५५० रुपये ही कमाल मर्यादा ठरलेली आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना मोफत.

हलगर्जीपणा झाला असे वाटते. तक्रार कुठे?

आपल्याला काय हवे आहे त्यावर ते ठरते.

दर, फलक, कागद न देणे, अडवून ठेवणे यासाठी शुश्रूषागृह नियमांतला तक्रार निवारण कक्ष: खेडेगावातल्या रुग्णालयासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, नगरपरिषद हद्दीत जिल्हा शल्यचिकित्सक. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. तिथे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचीच तक्रार चालते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा ते आधी पाहा. परिषद शिक्षा करू शकते, भरपाई देत नाही.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. उपचार मुंबईत किंवा कोल्हापुरात झाले असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, हा २०१९ च्या कायद्याचा मोठा फायदा आहे. मुदत २ वर्षे. सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग नाही. तिथे शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार, माहिती अधिकार आणि मानवी हक्क आयोग.

निकाल वाईट लागला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे आयोग मानत नाही. त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते झाले का, एवढेच पाहतात, आणि त्याला बहुतेक वेळा तज्ज्ञाचे मत लागते. तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवून तारीख आणि वेळ यांचा क्रम लावा: किती वाजता कळवले, डॉक्टर किती वाजता आले, काय दिले. नर्सिंग नोंदी इथे सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

मृत्यूबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी त्याच वेळी लेखी करा आणि पोलिसांत खबर द्या. अंत्यविधी उरकल्यावर कारण सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. त्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एका शांत माणसाकडे कागदांचे काम सोपवा.

मारहाण किंवा तोडफोड मात्र करू नका. २०१० च्या राज्य कायद्याने तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. रुग्णाची खरी तक्रारही त्याखाली गाडली जाते.

डॉक्टर नको म्हणत असताना रुग्णाला घरी न्यायचे असेल तर?

नेता येते. त्यांच्या फॉर्मवर सही करावी लागते. सहीच्या वर आपले कारण स्वतःच्या हाताने लिहा: 'खर्च झेपत नाही', 'रत्नागिरीला नेत आहोत', 'व्हेंटिलेटर इथे नाही'. कोरी सही म्हणजे सगळी जबाबदारी आपण घेतली असा अर्थ पुढे काढला जातो. असा डिस्चार्ज घेतला तरी कागद, चालू औषधांची यादी आणि रेफरची चिठ्ठी मिळण्याचा हक्क जात नाही.

मेडिक्लेम आहे, पण डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंजुरीसाठी बसवतात.

विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे. त्यापुढे उशीर झाल्याने खाटेचे जादा भाडे लागले तर ते विमा कंपनीने सोसायचे. रुग्णालयाने अंतिम बिल कंपनीला किती वाजता पाठवले ती वेळ डेस्कवरून लिहून घ्या. उशीर कंपनीचा की बिलिंगचा, ते त्यावरून कळते.